गोव्यातल्या कॉयरसाठी सीपीडीएल : व्हिक्टोरिया बसवण्याआधी काय तपासावं

तोमास लुइस दे व्हिक्टोरिया या सोळाव्या शतकातल्या स्पॅनिश संगीतकाराचं संगीत बसवायचं असेल, तर गोव्यातल्या कॉयरला आज स्कोअरसाठी परदेशातून काही मागवावं लागत नाही. ‘कोरल पब्लिक डोमेन लायब्ररी’, म्हणजे सीपीडीएल, या संकेतस्थळावर त्याचे मोटेट (लॅटिन प्रार्थनेच्या शब्दांवरच्या अनेक आवाजांच्या रचना), मिस्सा (चर्चमधल्या मुख्य उपासनेचं संगीत), होली वीकचं (ईस्टरआधीच्या आठवड्याचं) संगीत असं जवळजवळ सगळं स्टाफ नोटेशनमध्ये फुकट उतरवून घेता येतं. राफाएल ऑर्नेस यांनी १९९८ मध्ये सुरू केलेली ही सेवा २००५ पासून विकीच्या रूपात चालते, म्हणून तिला कोरलविकी असंही म्हणतात. आमचं मत आधीच सांगतो: चार आवाजांच्या, म्हणजे सोप्रानो, आल्तो (बायकांचे वरचे आणि खालचे आवाज), टेनर, बास (पुरुषांचे वरचे आणि खालचे) यांच्या, रचनांसाठी याहून चांगली सोय नाही. मात्र इथली प्रत्येक फाइल कुणा एका संपादकाने स्वतःच्या हौसेने आणि स्वतःच्या समजुतीने केलेली असते. पहिली दिसली ती फाइल उतरवून सोळा प्रती झेरॉक्स केल्या, की पुढच्या दोन तालमी दुरुस्त्या करण्यात जातात.

व्हिक्टोरिया कोण, हे थोडक्यात सांगायला हवं, कारण कुठला संग्रह कशासाठी छापला गेला यावरच निवड ठरते. जन्म १५४८ च्या सुमाराचा, स्पेनमधल्या आविला भागातला. तिथल्या कॅथेड्रलमध्ये बालगायक म्हणून तयार झाला आणि १५६५ च्या आसपास रोमला जेझुइटांच्या कोलेजिउम जर्मानिकुममध्ये शिकायला गेला. पुढे तिथेच त्याने संगीत शिकवलं. मोटेटांचा पहिला संग्रह १५७२ मध्ये व्हेनिसला छापला, १५७५ मध्ये धर्मगुरू झाला, १५८५ मध्ये होली वीकचा मोठा ग्रंथ रोमला काढला. १५८७ पासून तो माद्रिदला देस्काल्साज रेआलेस या मठात, फिलिप दुसऱ्याची बहीण सम्राज्ञी मारिया हिच्या सेवेत होता. तिच्या निधनानंतर रचलेला ‘ऑफिसियुम देफुन्क्तोरुम’ (मृतांसाठीच्या उपासनेचं संगीत) १६०५ मध्ये छापला गेला. जुन्या गोव्यातलं बॉम जेझुस चर्च अभिषिक्त झालं तेही त्याच वर्षी. १६११ मध्ये व्हिक्टोरिया माद्रिदला वारला. त्याने ऐहिक विषयावर एकही गाणं केलं नाही. प्रेमगीतं आणि माद्रिगाल रचणाऱ्यांच्या त्या काळात हे लक्षात घेण्यासारखं आहे. शब्द प्रार्थनेचा, आणि स्वर त्या शब्दामागून चालणारा, अशी त्याची सगळी शिस्त.

आता सेवेकडे. सीपीडीएलवर प्रत्येक रचनेचं स्वतंत्र पान असतं. वर आवाजांची संख्या, भाषा, पहिल्या छपाईचं वर्ष. त्याखाली उपलब्ध प्रतींची यादी: पीडीएफ, मिडी (संगणकाने वाजवायची फाइल), कधी म्युझिकएक्सएमएल (संगणकावर बदलता येणारा स्कोअर), संपादकाचं नाव, कागदाचा आकार, पानांची संख्या, परवाना आणि संपादकाची टीप. सगळ्यात खाली लॅटिन शब्द आणि भाषांतरं. बहुतेक जण सरळ पीडीएफच्या चिन्हावर बोट ठेवतात आणि संपादकाची टीप सोडून देतात. खरं तर निवड त्या एका ओळीवरच करायची. ‘एक स्वर वर नेली आहे’, ‘मूळ मात्रा निम्म्या केल्या आहेत’, ‘१५७२ च्या छापील प्रतीवरून’ असं जिथे लिहिलंय ती प्रत घ्यावी. जिथे टीपच नाही, ती शेवटचा पर्याय म्हणून ठेवावी. काही प्रतींखाली चूक असण्याची शक्यता असल्याचा इशाराही असतो, तो वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो स्वरपट्टीत. ‘ओ मान्युम मिस्तेरियुम’ हा नाताळात गायला जाणारा चार आवाजांचा मोटेट घ्या. छापील मूळ प्रतीत त्याचा षड्ज पांढरी पाचवर, म्हणजे जी वर, येतो आणि सुरुवातीला एकच फ्लॅट (स्वर अर्धा उतरवणारं चिन्ह) असतो. सीपीडीएलवर हाच मोटेट वेगवेगळ्या पट्ट्यांत सापडतो. मूळ पट्टीत आल्तोची ओळ बायकांना खाली लागते, कारण त्या काळी चर्चमध्ये ही ओळ पुरुष गात. मिश्र कॉयरला एक स्वर वर, पांढरी सहावरची प्रत बहुधा सोयीची पडते. त्याहून वर नेली की आल्तो खुलतात, पण टेनर ताणले जातात. आणि गावच्या कॉयरमध्ये टेनर आधीच दोन-तीनच असतात. प्रत निवडताना सोप्रानोंचा विचार शेवटी करा. आधी आल्तोची सर्वांत खालची आणि टेनरची सर्वांत वरची नोट शोधून पेन्सिलने गोल करा, पेटीवर ती वाजवून त्या दोन गटांकडून गाऊन घ्या, आणि मग ठरवा.

पट्टीबद्दल आणखी एक. त्या काळात क्लेफच्या, म्हणजे कुठल्या रेषेवर कुठला स्वर ते सांगणाऱ्या सुरुवातीच्या चिन्हांच्या, दोन जोड्या प्रचलित होत्या. चांगल्या प्रतीत पहिल्या ओळीआधी मूळ क्लेफ बारीक छापलेले असतात. वरच्या आवाजाला सी क्लेफ पहिल्या रेषेवर आणि बासला एफ क्लेफ चौथ्या रेषेवर असेल, तर लिहिलेली उंची साधारण गाण्याजोगी असते. वरच्या आवाजाला जी क्लेफ दुसऱ्या रेषेवर आणि खालच्याला सी क्लेफ चौथ्या किंवा एफ क्लेफ तिसऱ्या रेषेवर असेल, तर ती वरची जोडी. तेव्हाचे गायक असं दिसलं की चार-पाच स्वर खाली उतरवून गात. संपादकाने ते लक्षात न घेता लिहिलंय तसंच उतरवलं असेल, तर सोप्रानो किंचाळतात आणि बासना स्वतःचा खालचा पट्टाच सापडत नाही. यात आवाजांचा काही दोष नसतो, पट्टी उतरवायची राहून गेलेली असते.

म्युझिकएक्सएमएल फाइल मिळाली तर म्युझस्कोर या फुकटच्या प्रोग्राममध्ये उघडून पट्टी बदलता येते: सगळं निवडा, ‘टूल्स’मध्ये ‘ट्रान्सपोज’, हवं ते अंतर. पण इथे एक खाच आहे. सोळाव्या शतकातल्या प्रतीत न छापलेले, पण गायकांनी आपणहून लावायचे शार्प (स्वर अर्धा चढवणारं चिन्ह) आणि फ्लॅट आजचा संपादक नोटेच्या डोक्यावर बारीक छापतो. यांना म्युझिका फिक्ता म्हणतात. अनेक फाइलींत ही चिन्हं नोटेला न जोडता नुसती चित्रासारखी वर ठेवलेली असतात, आणि पट्टी बदलली तरी ती तशीच राहतात. मूळ पट्टीत एफ वर शार्प असतो. षड्ज पांढरी पाच धरला तर तो कोमल निषादाचा शुद्ध निषाद करतो. तीच रचना तीन अर्धस्वर वर नेली की षड्ज काळी पाचवर येतो, एफ चा ए फ्लॅट होतो, आणि तिथे आता नॅचरलचं (शार्प-फ्लॅट रद्द करणारं) चिन्ह हवं. जुना शार्पच डोक्यावर राहिला, तर वाचणारा ए शार्प गाईल, म्हणजे शुद्ध निषादाऐवजी थेट षड्ज. शेवटाकडे जाणारी ओढच नाहीशी होते आणि काय बिघडलं ते कुणाला कळत नाही. पट्टी बदलली की डोक्यावरची सगळी चिन्हं एकेक करून तपासायची, याला पर्याय नाही.

पट्टी न बदलताही फिक्ता नीट वाचावी लागते. नोटेच्या आधी छापलेलं चिन्ह मूळ प्रतीतलं, डोक्यावरचं संपादकाचं. मूळचं बदलायचं नाही. संपादकाचं मात्र एक मत आहे, दुसऱ्या प्रतीत ते वेगळं असू शकतं. सोप्रानोंनी एका प्रतीवरून निषाद शुद्ध लावला आणि टेनरनी दुसऱ्या प्रतीवरून कोमल, तर दोन्ही एकाच वेळी वाजून कानाला ओरखडा येतो. म्हणून एका कॉयरमध्ये दोन प्रती कधीही मिसळू नयेत. मात्रा निम्म्या केलेल्या आणि न केलेल्या प्रती मिसळल्या, तर बारचे (तालाच्या खणांचे) आकडेही जुळत नाहीत आणि ‘तेविसाव्या बारपासून’ म्हटलं की अर्धे लोक भलतीकडेच असतात.

याच मोटेटची सुरुवात बघा. सोप्रानो पंचमावर ‘ओ’ धरतात, ‘मान्युम’वर खाली षड्जाला येतात, पुन्हा पंचमाला चढतात आणि ‘मिस्तेरियुम’मध्ये कोमल धैवताला स्पर्श करून परत पंचमावर टेकतात. मागून आल्तो येतात. ही जोडी मार्गी लागली की टेनर आणि बास. कोमल धैवताचा तो स्पर्श सगळ्या मोटेटचा प्राण आहे, आणि सूर घसरायला लागतो तोही तिथेच. पंचमावर परतताना अर्धा स्वर थोडा जास्त उतरला, की पुढच्या आवाजाला षड्जच खालचा मिळतो. चार आवाज येईपर्यंत सगळा कॉयर पाव स्वर खाली गेलेला असतो. पेटी किंवा कीबोर्डची साथ देऊन हे झाकू नका. तालमीत प्रत्येक आवाजाने हा तुकडा तानपुऱ्यावर, ‘आ’कारात गावा. तानपुरा पांढरी सहाला लावा, पंचमाची तार असलेला. गोव्यात शास्त्रीय गाणं शिकलेली माणसं कॉयरपासून फार लांब नसतात. त्यांच्याकडून सूर धरून ठेवणं शिकण्यासारखं आहे.

शेवटच्या ‘आलेलुया’त ताल तीनचा होतो आणि मग परत दोनवर येतो. आधीची मात्रा आणि तीनमधली मात्रा यांचं नातं काय, ते चांगला संपादक नोटांच्या समीकरणाने वर छापतो. समीकरण नसेल तर कंडक्टरने ठरवून सगळ्यांच्या प्रतीवर लिहून द्यावं. नुसत्या नोटेच्या आकारावर जाऊन मात्रा तेवढीच लांब ठेवली, तर आलेलुया बैलगाडीसारखं चालतं. आधी दोन मात्रांना जेवढा वेळ लागत होता, तेवढ्यात तीन बसवून बघा. बहुतेक वेळा तेच बरोबर लागतं.

शब्दांबाबत सीपीडीएल उपयोगी आहे, पण पुरेसं नाही. लॅटिन आणि इंग्रजी अर्थ मिळतो, मराठी किंवा कोंकणी मिळेल असं धरून चालू नये. जुन्या छपाईत पुनरावृत्तीच्या जागी नुसती खूण असे, शब्द कुठल्या नोटेखाली बसवायचे हे गायक ठरवीत. आजच्या दोन प्रतींत त्यामुळे एकच शब्द वेगवेगळ्या नोटेवर तुटतो. आमची पसंती अशा प्रतीला, जिथे आघात असलेलं अक्षर लांब नोटेवर येतं. उच्चार इटालियन वळणाचे ठेवा आणि स्कोअरवर देवनागरीत लिहून द्या. ‘मान्युम’ हे नाव आपण सहज लिहितो, पण गाताना तिथे ‘ञ’ हवा: माञुम. ‘याचेन्तेम इन प्रेसेपिओ’, ‘मेरुएरुन्त’, ‘व्हिर्गो’. देवनागरीत हे नीट उतरतं. मात्र ‘मेरुएरुन्त’सारख्या शब्दात शेवटच्या जोडाक्षराला ‘अ’ लावून म्हणण्याची मराठी सवय इथे घातक आहे. व्यंजनावर थांबायचं तिथे हलन्त द्या.

नावावरून फसण्याच्या जागाही सांगून ठेवतो. ‘ओ व्होस ओम्नेस’ या नावाने व्हिक्टोरियाच्या दोन वेगळ्या रचना आहेत. एक १५७२ चा सोप्रानो-आल्तो-टेनर-बास असा मोटेट. दुसरी १५८५ च्या होली वीक ग्रंथातली रिस्पॉन्सरी (वाचनानंतर गायचं प्रतिसादगीत), ती दोन सोप्रानो, आल्तो आणि टेनर अशी, बासशिवाय. उतरवण्याआधी वर्ष आणि आवाज बघा, नाहीतर बास तालमीला येऊन नुसते बसून राहतील. चार आवाजांचा ‘आवे मारिया’ आणि ‘येसू दुल्चिस मेमोरिया’ हे दोन्ही त्याच्या नावावर सर्रास गायले जातात. त्याच्या हयातीत छापलेल्या एकाही संग्रहात ते नाहीत. गायला हरकत नाही, पण कार्यक्रमपत्रिकेत व्हिक्टोरियाचं नाव बिनदिक्कत छापू नये. आठ आवाजांचा ‘आवे मारिया’ मात्र त्याचाच.

परवाना प्रत्येक प्रतीखाली असतो. ‘सीपीडीएल’ किंवा क्रिएटिव्ह कॉमन्स असेल तर झेरॉक्सला अडचण नाही, अटी मात्र वाचून घ्या. ‘पर्सनल’ असं लिहिलेलं असेल तर संपादकाला विचारावं. संगीत चारशे वर्षांपूर्वीचं असलं तरी संपादन आजचं असतं.

छपाईत कागदाचा आकार बघा. अमेरिकन संपादकांच्या प्रती ‘लेटर’ आकाराच्या असतात, ए-फोरपेक्षा सहा मिलिमीटर रुंद. ‘अॅक्च्युअल साइज’वर छापल्या तर कडेचा मजकूर कापला जाऊ शकतो, ‘फिट’ करून छापा. चार पानांची रचना ए-थ्रीवर दोन्ही बाजूंनी छापून मधोमध दुमडली तर पान दोनदाच उलटावं लागतं. पाच पानं झाली की एक सुटं पान घालावं लागतं, आणि पंखा चालू असला की नेमकं तेच उडतं. पावसाळ्यात इंकजेटची शाई दमट हातांनी पसरते, लेझर किंवा झेरॉक्सच करून घ्या.

मिडी फाइली आपला आवाज पाठ करायला बऱ्या, त्याहून जास्त नाही. सगळे आवाज सारख्याच जोराने वाजतात आणि लय यंत्राची. म्युझस्कोरच्या मिक्सरमध्ये एक आवाज मोठा, बाकीचे बारीक करून ती फाइल गायकांना व्हॉट्सअॅपवर पाठवली तर घरी सराव होतो. पण शब्दाचा आघात मिडीतून कधीच शिकता येत नाही. जे फक्त मिडीवरून शिकतात ते प्रत्येक नोट सारख्या वजनाने गातात.

तुलनेसाठी आयएमएसएलपी हे दुसरं फुकट संकेतस्थळ आहे. तिथे फेलिपे पेद्रेल यांनी १९०२ ते १९१३ दरम्यान लाइपझिगहून काढलेल्या व्हिक्टोरियाच्या समग्र आठ खंडांची स्कॅन केलेली पानं मिळतात. संशय आला तर ताडून बघायला उत्तम. गायकांच्या हातात मात्र देऊ नका, त्यात जुने सी क्लेफ आहेत आणि सवय नसलेला आल्तो पहिल्याच ओळीत अडकतो. फिक्ताबद्दलचे पेद्रेल यांचे निर्णयही आज सगळेच्या सगळे मानले जात नाहीत.

गोव्यात व्हिक्टोरियाची खरी वेळ कोरेज्मची, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाची. इथल्या पॅरिश शाळांतून शिकलेल्या संगीतकारांनी व्हायोलिन, क्लॅरिनेट, डबल बासच्या साथीचे लॅटिन आणि कोंकणी मोटेट रचले. ती परंपरा स्वतःच्या पायावर उभी आहे. तिच्या जागी व्हिक्टोरिया आणू नये, आणि उघड्यावरच्या मिरवणुकीत तर मुळीच नाही. विनासाथ चार आवाज रस्त्यावर विरून जातात. चर्चच्या आत, गुड फ्रायडेला क्रुसाच्या वंदनाच्या वेळी त्याचा ‘पोपुले मेउस’ घ्या. सगळे आवाज शब्द एकदमच म्हणतात, उडी मोठी कुठेच नाही, नवख्या कॉयरला चार तालमींत बसतो. त्या दिवशी वाद्यं वाजवली तरी फक्त गाण्याला आधार म्हणून, आणि हा विनासाथच गायचा, तेव्हा साथीचा प्रश्नही नाही. मधल्या श्लोकांची एकसुरी गायकी, म्हणजे सगळ्यांनी मिळून म्हणायची एकच जुनी चाल, सगळ्या प्रतींत छापलेली नसते, ती आधीच शोधून ठेवा.

१५८५ च्या ग्रंथातल्या अठरा रिस्पॉन्सरी त्यापुढची पायरी. प्रत्येकीत मधला भाग दोन-तीन आवाजांचा आणि मग आधीच्या तुकड्याची पुनरावृत्ती. अनेक प्रतींत पुनरावृत्ती पुन्हा न छापता नुसता शब्द देतात. कुठे परतायचं ती जागा रंगीत पेनाने खूण करून द्या, कारण तिथे निम्मा कॉयर सुरुवातीला जातो आणि निम्मा मध्यावर. सुरुवात ‘तेनेब्रे फाक्ते सुन्त’ने करू नका, जरी तीच सगळ्यांना हवी असते, ती बासशिवाय आहे आणि दुसऱ्या सोप्रानोंची फळी भक्कम नसेल तर ढासळते. ‘एक्चे क्वोमोदो मोरितुर’ चार नेहमीच्या आवाजांत आहे, तिथून सुरू करा. जुन्या गोव्यातल्या उंच कमानींच्या चर्चमध्ये गाताना लय ओढू नका: घुमणं आधीच नोट लांबवतं, तुम्हीही लांबवलीत तर शब्दाचं शेवटचं व्यंजन पुढच्या स्वरात बुडतं. आणि पंखे बंद करून घ्या.

‘ऑफिसियुम देफुन्क्तोरुम’ सीपीडीएलवर मिळतो, पण इथे आमचं मत बदलतं. सहा आवाज: दोन सोप्रानो, आल्तो, दोन टेनर, बास. एका आवाजाला किमान तीन गायक धरले तरी अठरा हवेत. दोघांवर श्वास जुळवणं शक्य होत नाही, कारण वाक्यं लांब आहेत. प्राचीन एकसुरी चाल बहुतेक ठिकाणी दुसऱ्या सोप्रानोत लांब नोटांत चालते, तेव्हा तुमचे सर्वांत स्थिर आवाज पहिल्या सोप्रानोत न ठेवता दुसऱ्यात घाला. सुरुवातीच्या एकसुरी ओळी फाइलीत आहेत का बघा, नसल्या तर मिस्सा अर्धी राहते. पाऊण तासाच्या या रचनेसाठी विखुरलेल्या फाइली जोडत बसण्यापेक्षा एकाच संपादकाची सलग प्रत घ्यावी, विकत घ्यावी लागली तरी. अठरा गायक जमेपर्यंत त्याच संग्रहातला चार आवाजांचा ‘तेदेत आनिमाम मेआम’ घ्या. बायबलमधल्या योबाच्या ग्रंथातले शब्द, सगळे आवाज जवळजवळ एकत्र. त्याची फाइल उतरवा, टीप वाचा, आल्तोची खालची नोट पेटीवर वाजवून बघा आणि मगच झेरॉक्सला द्या.